बालगृहातील बालदिन : पाहुण्यांनी आधी जाणून घ्यावे असे काही

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की बालगृहांमध्ये भेटीसाठी विचारणा सुरू होते. बँकांचे कर्मचारी, महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेची पथके, महिला मंडळे, सेवाभावी संघटना, मुलांसोबत वाढदिवस साजरा करू इच्छिणारी कुटुंबे अशा अनेकांना १४ तारखेचा दिवस हवा असतो. केक, फुगे, बिस्किटांचे पुडे, वह्या, रंगपेट्या, जादूचे प्रयोग, एखादे भाषण आणि शेवटी समूह छायाचित्र, असा कार्यक्रमाचा क्रमही साधारण ठरलेला असतो. त्यामागील भावना चांगली असते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. ज्या मुलांना घरापासून दूर राहावे लागते त्यांच्यासोबत सणाचा दिवस घालवावा असे वाटणे, हे समाजाच्या सहृदयतेचेच लक्षण होय. मात्र त्या दोन तासांत मुलांना नेमके काय मिळते, त्यांच्यापासून नकळत काय हिरावले जाते आणि कायद्याची पाहुण्यांकडून कोणती अपेक्षा आहे, याचा विचार कार्यक्रम ठरवण्यापूर्वीच व्हायला हवा.

दोन तारखा

बालदिनाच्या दोन तारखा आपल्या कानांवर येतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९५४ साली सर्व देशांना मुलांसाठी एक दिवस राखून ठेवण्याची शिफारस केली. पुढे २० नोव्हेंबर १९५९ रोजी बालहक्कांचा जाहीरनामा आणि बरोबर तीस वर्षांनी, २० नोव्हेंबर १९८९ रोजी, बालहक्क संहिता आमसभेने स्वीकारली. म्हणून जागतिक बालदिन २० नोव्हेंबरला पाळला जातो. भारतात मात्र पंडित जवाहरलाल नेहरूंच्या २७ मे १९६४ रोजी झालेल्या निधनानंतर त्यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, हाच राष्ट्रीय बालदिन म्हणून रूढ झाला. पहिल्या तारखेमागे हक्कांचा करार आहे, दुसरीमागे मुलांवर माया करणाऱ्या नेत्याची आठवण आहे. बालगृहातील बालदिनाला या दोहोंची गरज असते. प्रत्यक्षात माया भरभरून येते. हक्कांचे भान मात्र अनेकदा दाराबाहेरच राहते.

भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी बालहक्क संहितेला मान्यता दिली. तिच्यातील चार कलमे बालगृहात जाणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांसमोर ठेवावीत अशी आहेत. बाराव्या कलमानुसार स्वतःविषयीच्या बाबतीत मत मांडण्याचा आणि ते मत विचारात घेतले जाण्याचा अधिकार मुलाला आहे. सोळावे कलम त्याच्या खासगीपणाचे रक्षण करते. कुटुंबाच्या छत्रापासून दुरावलेल्या मुलाला राज्याचे विशेष संरक्षण मिळाले पाहिजे, असे विसावे कलम सांगते. एकतिसाव्या कलमात विश्रांती आणि खेळ हे हक्क म्हणून नोंदवलेले आहेत. बालदिनाचा कोणताही कार्यक्रम या चार कसोट्यांवर घासून पाहता येतो.

बालगृहात कोण असते?

बोलीत अजूनही ‘अनाथाश्रम’ हा शब्द सहज येतो. त्याला मोठा इतिहास आहे. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि पुढे तेथेच जन्मलेल्या यशवंताला दत्तक घेतले. पंढरपुरात १८७५ साली याच हेतूने आश्रम उभा राहिला. महर्षी कर्वे यांनी १८९६ साली स्थापन केलेल्या संस्थेचे नाव ‘अनाथ बालिकाश्रम’ होते. तिथे आसरा आणि शिक्षण मिळाले ते मुख्यतः विधवा स्त्रियांना. म्हणजे त्या काळी ‘अनाथ’ या शब्दाचा अर्थ ‘ज्याला कोणी वाली नाही’ असा व्यापक होता. आज त्याचा अर्थ ‘आईवडील हयात नसलेला’ एवढाच उरला आहे आणि तेवढ्या अर्थाने तो शब्द बालगृहातील असंख्य मुलांना लागू पडत नाही.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) कायदा, २०१५ या कायद्याने ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ अशी संज्ञा वापरली आहे. तिच्यात आईवडील नसलेले मूल येते. त्याचप्रमाणे रस्त्यावर राहणारे, भीक मागायला लावलेले, कामाला जुंपलेले, घरातच छळ किंवा अत्याचार सोसलेले, पळून आलेले, हरवलेले, बालविवाहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले मूलही येते. ज्याचे आईवडील आजारपणामुळे किंवा अन्य कारणाने त्याला सांभाळण्यास असमर्थ आहेत, असेही मूल येते. मडगावच्या रेल्वे स्थानकावर चुकामूक झालेला सात वर्षांचा मुलगा आणि व्यसनी बापाच्या मारापासून सोडवलेली तेरा वर्षांची मुलगी एकाच छताखाली, एकाच पंक्तीत जेवत असू शकतात. त्यांचे दुःख एका जातीचे नसते आणि त्यावरचा उपायही एक नसतो.

अशा मुलाला कोणीही परस्पर बालगृहात नेऊन ठेवू शकत नाही. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीसमोर उभे करावे लागते. अध्यक्ष आणि चार सदस्य असलेल्या या समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. समिती चौकशी करवते, मुलाच्या घरची परिस्थिती तपासते आणि चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश देणे तिच्याकडून अपेक्षित असते. शक्य असेल तेव्हा मुलाला त्याच्या कुटुंबाकडे परत पाठवणे हा कायद्याचा पहिला कल आहे. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानावा, असे तत्त्व कायद्याच्या आरंभीच, तिसऱ्या कलमात, घालून दिलेले आहे. बालगृह हा मुलाच्या वाटेवरचा मुक्काम आहे. ते त्याचे कायमचे ठिकाण व्हावे, अशी कायद्याची इच्छा नाही.

ही गोष्ट ध्यानात आली की पाहुण्याचे बोलणेही आपोआप बदलते. ‘तुझे आईबाबा कुठे आहेत?’ हा प्रश्न जिव्हाळ्याने विचारला तरी मुलाच्या दृष्टीने तो जखमेवरची खपली काढणारा असू शकतो. ‘आता आम्हीच तुझे आईबाबा’ हे वाक्य तर त्याहून अवघड. ज्याची आई दूरच्या गावी मजुरी करत आहे आणि जो तिच्या पुढच्या भेटीचे दिवस मोजत आहे, त्या मुलाने या वाक्याचे काय करावे?

आणखी एक भेद पाहुण्यांना ठाऊक असावा. कायद्याशी संघर्ष झालेल्या, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, मुलांची प्रकरणे बाल न्याय मंडळापुढे चालतात आणि त्यांच्यासाठी निरीक्षणगृहाची वेगळी सोय असते. मेरशी येथील ‘अपना घर’ या शासकीय संस्थेच्या आवारात ही दोन्ही प्रकारची जबाबदारी सांभाळली जाते. तेथील मुलाला ‘तू काय केलेस?’ असे विचारण्याचा अधिकार पाहुण्याला नाही. मूल दोषी आहे की नाही हे मंडळ ठरवते, आणि दोषी ठरलेल्या मुलाचेही बालपण संपत नाही.

दारावरची नोंदवही

बालगृहाला भेट द्यायची म्हटले की पूर्वपरवानगी, ओळखपत्र, येणाऱ्यांची नावे, येण्याचे कारण अशी चौकशी होते. काही पाहुण्यांना ती खटकते. चांगल्या कामासाठी आलो असता संशयाने का पाहिले जाते, असा त्यांचा सूर असतो. गोव्यात तरी हा प्रश्न कोणी विचारू नये, इतका कटू अनुभव या भूमीने घेतला आहे.

१९९१ साली मडगाव परिसरात फ्रेडी पीट्स नावाच्या इसमाला अटक झाली. निराधार मुलांना आसरा देणारा परोपकारी गृहस्थ म्हणून तो ओळखला जात होता. त्याच्या ‘गुरुकुल’ नावाच्या वसतिगृहात मुलांचे लैंगिक शोषण चालत होते आणि त्यात परदेशी पर्यटकही सामील होते, हे तपासात उघड झाले. १९९६ साली न्यायालयाने त्याला जन्मठेपेची शिक्षा सुनावली. त्याच्या दारातून वर्षानुवर्षे जी माणसे आत गेली तीही ‘पाहुणे’च होती. आसऱ्याच्या नावाखाली काय घडू शकते, हे त्या प्रकरणाने देशाला दाखवून दिले.

गोवा बाल कायदा, २००३ वाचताना ही पार्श्वभूमी जाणवत राहते. मुलांच्या संरक्षणासाठी असा स्वतंत्र आणि सर्वंकष कायदा करणारे गोवा हे देशातील आघाडीचे राज्य ठरले. या कायद्याने मुलांवरील गुन्ह्यांसाठी वेगळे बाल न्यायालय स्थापन करण्याची तरतूद केली. कुटुंबीय, नातेवाईक किंवा रक्ताच्या नात्यातील व्यक्तीसोबत नोंद झालेली नसेल तर मुलाला हॉटेलच्या खोलीत प्रवेश देऊ नये, असे बंधन घातले. छायाचित्रे धुऊन देणाऱ्या स्टुडिओंवरही मुलांच्या अश्लील छायाचित्रांबाबत पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली. पर्यटनावर जगणाऱ्या राज्याने आपल्या मुलांभोवती उभारलेले हे कुंपण आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनेही २०१९ साली पालकांच्या छत्राविना वाढणाऱ्या मुलांविषयी ठराव करताना, पर्यटनाच्या निमित्ताने अनाथालयांत चालणाऱ्या स्वयंसेवेतून मुलांना पोहोचणाऱ्या हानीची दखल घेतली. सुटीवर आलेल्या पाहुण्याला ‘एक दिवस मुलांसोबत’ घालवण्याची इच्छा झाली तर ती समजण्यासारखी आहे. परंतु बालगृह हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. म्हणून दारावरची नोंदवही जिथे काटेकोर असते, ती संस्था चांगली समजावी. ओळखपत्र न मागता कोणालाही आत सोडणाऱ्या, पाहुण्याला मुलासोबत एकांतात बसू देणाऱ्या किंवा मुलाला गाडीतून ‘जरा फिरवून आणा’ म्हणणाऱ्या संस्थेविषयी उलट सावध राहिले पाहिजे. बाल न्याय कायद्यानुसार मुलांचा सांभाळ करणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. देणगी देण्यापूर्वी ती नोंदणी विचारण्यात काहीही गैर नाही.

छायाचित्र कोणासाठी?

पूर्वी समूह छायाचित्र संस्थेच्या अहवालात किंवा फार तर स्थानिक वृत्तपत्राच्या आतल्या पानावर जात असे. आज ते कार्यक्रम संपण्यापूर्वीच शेकडो भ्रमणध्वनींवर पोहोचलेले असते आणि तेथून कधीही पुसले जात नाही. बाल न्याय कायद्याचे चौऱ्याहत्तरावे कलम याबाबत स्पष्ट आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास त्यात मनाई आहे. उल्लंघनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. वृत्तपत्रे आणि वाहिन्यांसाठीच हा नियम आहे, असा समज चुकीचा ठरेल. संवादाच्या इतर माध्यमांचाही त्यात समावेश आहे.

या मनाईमागे केवळ तांत्रिक काटेकोरपणा नाही. अत्याचारातून सुटलेल्या मुलीचा ठावठिकाणा त्या छायाचित्रावरून अत्याचार करणाऱ्याला लागू शकतो. शिवाय लाजेचा प्रश्न असतो. बालगृहातील मुले जवळच्या शाळेत जातात. आपण कुठे राहतो हे वर्गातील सगळ्यांना कळावे, असे त्यांना वाटत नसते. दात्याच्या हातातून वह्या स्वीकारतानाचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्गमित्राच्या वडिलांच्या भ्रमणध्वनीवर दिसले, तर ती वही त्या मुलाला किती जड होईल? दहा वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीला गेलेल्या तरुणालाही तेच छायाचित्र पुन्हा भेटू शकते. मुलांचे चेहरे झाकून किंवा पाठमोरे छायाचित्र घेण्याची पळवाट काढण्यापेक्षा मुलांनी काढलेल्या चित्रांचे, त्यांनी घातलेल्या रांगोळीचे किंवा सजवलेल्या सभागृहाचे छायाचित्र घेणे अधिक सभ्यपणाचे आहे. मात्र त्यातही कोणाचे नाव दिसता कामा नये.

लळा आणि निरोप

बालगृहात पाय ठेवताच लहान मुले धावत येऊन बिलगतात, बोट धरतात, कडेवर घेण्याचा हट्ट करतात. पाहुण्याला भरून येते. पहिल्याच भेटीत एवढा लळा लागला, असे तो कौतुकाने सांगतो. बालमानसशास्त्र या दृश्याकडे वेगळ्या नजरेने पाहते. कुटुंबात वाढणारे लहान मूल अनोळखी माणसाला पाहून आधी आईच्या पदराआड जाते, मग हळूहळू पुढे येते. हा संकोच निरोगी असतो, कारण ‘आपले’ आणि ‘परके’ यांतला फरक त्याला कळू लागलेला असतो. ज्याला एकच एक हक्काचे माणूस लाभले नाही ते मूल येणाऱ्या प्रत्येकाकडे सारख्याच ओढीने जाते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात आईच्या किंवा आईसमान व्यक्तीच्या स्थिर सहवासाचे महत्त्व मांडले, तेव्हापासून या विषयाचा अभ्यास सुरू आहे.

रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे २००० साली सुरू झालेले संशोधन या बाबतीत फार बोलके आहे. संस्थांमध्ये वाढणाऱ्या १३६ लहानग्यांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आले आणि सर्वांच्या वाढीची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि माणसांशी जुळणारे नाते यांत स्पष्ट सुधारणा दिसली. दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्यांना त्याचा सर्वाधिक लाभ झाला. रुमानियातील त्या काळच्या संस्था आणि आपल्याकडील बालगृहे यांची सरसकट तुलना करता येणार नाही. तरीही मुलाला अनेक पाहुण्यांपेक्षा एका टिकाऊ माणसाची गरज अधिक असते, एवढा बोध त्यातून निश्चित घ्यावा.

एका दिवसाच्या पाहुण्याने याचा अर्थ ‘मुलांना जवळ करू नये’ असा घेण्याचे कारण नाही. बिलगलेल्या मुलाला झिडकारणे हा क्रूरपणाच होईल. त्याला हलकेच शेजारी बसवावे, हातात रंगाचा खडू द्यावा, त्याच्याशी त्याच्या वयाचे बोलावे. मात्र ‘पुढच्या रविवारी येईन’, ‘तुला माझ्या घरी नेईन’, ‘सायकल आणून देईन’ असे काहीही बोलू नये. मोठ्यांच्या जगात ही वाक्ये बोलून सोडून देण्याची असतात. बालगृहातील मूल ती जपून ठेवते आणि पुढचा रविवार आला की फाटकाकडे डोळे लावून बसते. न पाळलेले प्रत्येक वचन त्याला एकच गोष्ट शिकवते, की माणसांवर भरवसा ठेवू नये. ते त्याने आधीच पुरेसे शिकलेले असते.

कार्यक्रम कसा असावा?

चांगल्या बालदिनाची तयारी अधीक्षकांशी बोलण्यापासून होते. मुले किती, कोणत्या वयाची, त्या दिवशी शाळा आहे का, परीक्षा जवळ आहे का, कोणाला कोणत्या पदार्थाचे वावडे आहे, हे आधी विचारावे. १४ नोव्हेंबरचाच आग्रह धरू नये. त्या दिवशी एकापाठोपाठ एक तीन गट आले तर मुलांना तीनदा केक खावा लागतो, तीनदा तीच गाणी म्हणून दाखवावी लागतात आणि संध्याकाळपर्यंत ती थकून चिडचिडी होतात. विश्रांतीचा हक्क संहितेत लिहिलेला आहे, तो बालदिनालाच विसरला जाऊ नये. पाहुण्यांची खरी वाट पाहावी लागते ती जानेवारी सरल्यावर, नाताळचे दोदोल आणि बिबिंका संपल्यावर. किंवा भर पावसात, मुले घरात अडकून पडलेली असताना.

कार्यक्रमात काय असावे, हे मुलांनाच विचारता येते. बाल न्याय कायद्याच्या २०१६च्या नमुना नियमांनुसार प्रत्येक संस्थेत ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८ अशा तीन वयोगटांसाठी बालसमित्या असणे अपेक्षित आहे. त्या समित्यांपुढे बेत ठेवला तर उत्तरे अनपेक्षित येऊ शकतात. कोणाला क्रिकेटचा सामना हवा असेल, कोणाला भाषणाऐवजी चित्रपट, तर कोणाला त्या दिवशी स्वयंपाकघरात शिरून स्वतः काही करून पाहायचे असेल. ज्यांच्या रोजच्या आयुष्यात उठण्यापासून झोपेपर्यंतचे वेळापत्रक इतरांनी ठरवलेले असते, त्यांना एक दिवस निवड करू देणे हीच मोठी भेट असते. मुलांनी पाहुण्यांपुढे नाचून दाखवण्याची प्रथाही तपासून पाहावी. बालदिन मुलांचा असेल तर नाचावे पाहुण्यांनी. मुलांनी बसून हसावे!

भाषेचाही विचार हवा. गोव्यातील बालगृहात कोकणी आणि मराठीबरोबर कन्नड आणि हिंदी बोलणारी मुलेही असतात. पालकांपासून दुरावलेल्या मुलाचा सांभाळ करताना त्याची भाषा, धर्म आणि संस्कृती यांचे सातत्य राखावे, असे संहितेचे विसावे कलम सांगते. या भूमीला त्याचे महत्त्व वेगळे समजावून सांगायला नको. पोर्तुगीज राजवटीत १५५९ साली निघालेल्या राजाज्ञेने हिंदू अनाथ मुलांना ताब्यात घेऊन त्यांचा बाप्तिस्मा करण्याची मोकळीक दिली होती. मुलाचे छत्र हरपले म्हणून त्याची ओळख दुसऱ्या कोणाच्या मालकीची होत नाही, हा धडा कोणत्याही धर्माच्या, पक्षाच्या किंवा संघटनेच्या दात्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे. कानडी बोलणाऱ्या मुलीला तिच्या भाषेतले गोष्टीचे पुस्तक मिळाले, तर त्या दिवशीचे तेच सर्वांत मौल्यवान बक्षीस ठरेल.

वस्तू नेताना संस्थेची यादी मागून घ्यावी. बिस्किटे आणि चॉकलेटे सगळेच आणतात. मापाचे नवे अंतर्वस्त्र, पावसाळी बूट, मुलींसाठी सॅनिटरी पॅड, अंथरुणे, भूमितीच्या पेट्या, दहावीच्या सरावपुस्तिका, चष्म्याचा खर्च यांची आठवण क्वचितच कोणाला होते. जुने कपडे द्यायचेच असतील तर स्वतःच्या मुलाला घालता येतील असेच द्यावेत. समारंभात उरलेले अन्न नेऊ नये. शिधा देऊन संस्थेच्या स्वयंपाकघरातच जेवण शिजवून घेणे आरोग्याच्या दृष्टीने सुरक्षित असते. एकाच मुलाला परस्पर महागडी भेट दिली तर इतरांच्या मनात सल राहतो आणि त्या मुलालाही त्याचा त्रास होतो.

भेटीदरम्यान एखाद्या मुलाने आपल्यावरील अत्याचाराबद्दल काही सांगितले तर ते ‘लहान मुलांचे बोलणे’ म्हणून सोडून देता येत नाही. २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार अशी माहिती कळलेल्या प्रत्येक व्यक्तीवर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. मुलाची उलटतपासणी करू नये, त्याचे बोलणे शांतपणे ऐकावे आणि लगेच पोलिसांशी किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर संपर्क साधावा.

अठरावा वाढदिवस

बालदिनाच्या कार्यक्रमात कॅमेरे आणि खाऊ यांचा ओघ लहानांकडे असतो. मागच्या रांगेत सोळा-सतरा वर्षांची मुले अवघडून बसलेली असतात. त्यांना फुगे नको असतात. अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृह सोडावे लागणार, ही चिंता त्यांच्यापुढे असते. घरात वाढलेल्या मुलाचा अठरावा वाढदिवस म्हणजे मतदानाचा आणि वाहन परवान्याचा आनंद. बालगृहातील मुलासाठी तीच तारीख छप्पर जाण्याची असते.

कायद्याने यासाठी अनुरक्षणाची, म्हणजे पुढील आधाराची, तरतूद केली आहे. संस्था सोडणाऱ्या तरुणाला २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत त्यानंतरही काही काळ आर्थिक साहाय्य, निवास, शिक्षण वा प्रशिक्षण मिळू शकते. शेजारच्या महाराष्ट्राने २०१८ साली अनाथ मुलांसाठी शिक्षण आणि शासकीय नोकऱ्यांत एक टक्का आरक्षणाचा निर्णय घेतला. परंतु भाड्याची खोली देताना स्थानिक ओळखीचा माणूस मागणारा घरमालक किंवा जामीनदार मागणारी बँक यांच्यापुढे सरकारी तरतूद तोकडी पडते. तिथे समाजाचे काम सुरू होते. ज्या बँकेचे कर्मचारी केक घेऊन येतात त्यांनीच सतरा वर्षांच्या मुलांना बचत खाते कसे वापरावे, हे शिकवावे. हॉटेल व्यावसायिक, गॅरेजमालक, औषधविक्रेते, मुद्रणालये यांनी एकेका तरुणाला रीतसर वेतनावर कामाचा अनुभव द्यावा. निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दहावीच्या गणिताला द्यावी. अशा कामाचे छायाचित्र निघत नाही. मात्र त्याचा परिणाम मुलाला आयुष्यभर पुरतो.

फाटकाबाहेरचा बालदिन

गरिबीमुळे मूल बालगृहात पोहोचत असेल, तर त्याच्या घरालाच हात देणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत अशा कुटुंबांना प्रायोजकत्वाच्या स्वरूपात मुलामागे दरमहा ४,००० रुपये देण्याची सोय आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत त्यासाठी अर्ज करता येतो. घरकाम करणारी विधवा, अपघाताने अंथरुणाला खिळलेला मजूर, नातवंडांना सांभाळणारी आजी अशी माणसे शेजारीपाजारी असतात. त्यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचवणे आणि अर्जाच्या कागदपत्रांसाठी त्यांच्याबरोबर दोन हेलपाटे घालणे, हाही बालदिनाचा उपक्रम होऊ शकतो.

ज्यांच्या मनात मूल घरी नेण्याचीच इच्छा आहे त्यांनी ती बालदिनाच्या गर्दीत बोलून दाखवू नये. तिच्यासाठी रीतसर वाट आहे. प्रतिपालकत्वाच्या व्यवस्थेत बाल कल्याण समितीच्या आदेशाने मूल ठरावीक काळासाठी दुसऱ्या कुटुंबात राहू शकते. दत्तक घेण्यासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. बालगृहात जाऊन मूल ‘पसंत’ करता येत नाही. सापडलेल्या किंवा सोडून दिलेल्या मुलाच्या पालकांचा आधी शोध घेतला जातो. मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत त्याला दत्तकासाठी मोकळे घोषित करण्याचा निर्णय अपेक्षित असतो. आईवडिलांनी स्वतः मूल सोपवले असल्यास त्यांनाही फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते. ही दिरंगाई वाटली तरी ती मुलाच्या मूळ घराचा दरवाजा घाईने बंद होऊ नये म्हणून ठेवलेली सावधगिरी आहे.

बालदिनाला बालगृहात अवश्य जावे. अधीक्षकांना विचारून, नोंदवहीत नाव लिहून, भ्रमणध्वनी खिशात ठेवून जावे. मुलांशी खेळावे, त्यांचे ऐकावे, पाळता येणार नाही असे काही बोलू नये आणि जमणार असेल तर त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा यावे. वर्षभर असे येणाऱ्यांना एक दिवस एखादा ओळखीचा चेहरा त्या रांगेत दिसेनासा होईल. ते मूल आपल्या आईकडे, आजीकडे किंवा नव्या कुटुंबात गेले, असे अधीक्षकांकडून कळेल. बालगृहातल्या बालदिनाला जोडून याहून मोठी आनंदाची बातमी दुसरी असू शकत नाही.